मजकूर : पारिसा चौगुले

तालमीच्या फळ्यावर कालचा मजकूर तसाच होता :
हळदी-कुंकू, महिला मंडळ, सायंकाळी पाच.
ओल्या फडक्यानं पुसला
आणि खडू धरून उभा राहिलो.
चाळीस वर्षं मजकूर त्यानं दिला, मी रंगवला.
आज मजकूर तोच होता, देणारा नव्हता.

'दुःखद निधन' लिहिलं. लगेच त्याचा आवाज :
"दस्तगीर, सुखद निधन बघितलंयस का कुठं?
शब्दाला पैसे पडतात."
दुःखद पुसलं.

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर पावत्या फाडणारा पोरगा.
रव्यांच्या थप्पीमागं बसून
व्यापाऱ्यांच्या बोलण्यातले बिनकामाचे शब्द मोजायचा.
पहिली ओळ चपलांच्या दुकानाला दिली,
मोबदला एक जोड, तोही अर्धा नंबर लहान :
आधी आवाज पोचतो, मग माणूस.
महाद्वार रोडला शिडीवरून मी ती पिवळ्यावर काळी काढली.
खाली उभी असलेली माणसं
आपापल्या पायांकडं बघायला लागली.

मग सगळा गाव त्याच्या दारात.
पंपवाला, पत्रेवाला, बँड कंपनी, दातांचा डॉक्टर.
तो तासभर नुसता ऐकायचा,
मग सुपारीच्या पुडीवर चार शब्द.
"एवढेच? एवढ्याचे तीनशे?"
"हे फुकट," तो म्हणायचा,
"खोडले त्यांचे तीनशे."

मुंबईच्या कंपनीनं बोलावलं. अकराव्या दिवशी परत.
"तिथं इंग्रजीत शिजवतात गड्या,
आणि मराठीच्या ताटात पातेलं उपडं करतात."

चटणीची ओळ तर तुम्हालाही पाठ असेल :
डोळ्यांत पाणी? आमचं नाव सांगा.
एसटीच्या पाठीवर बसून ती मिरजेपासून गारगोटीपर्यंत हिंडली.
मैदानात पैलवान चीत झाला
की गर्दीतून कुणीतरी तीच ओळ फेकायचं.
मग एक पोस्टकार्ड आलं. गडहिंग्लजचा शिक्का, सही नाही.
'तुमचं नाव सांगते. सासूबाईंना रोज पटतं.'

त्यानं मला वाचून दाखवलं.
मग माझ्याकडं पाठ करून स्वतः पुन्हा वाचलं.
तो महिना कोरा गेला.
नंतर एवढंच म्हणाला,
"माझ्यापेक्षा चांगलं लिहितीय बाई. सहा शब्दांत."
कार्ड पाकिटात ठेवायचा, रेशनकार्डाच्या घडीत.

आणि गंगावेशीतली ती भिंत.
पतसंस्थेची, बारा फूट लांब, निळी :
पैसा जागा आहे, तुम्ही झोपा.
लोक झोपले. पतसंस्था बुडाली.
दूधवाल्या आक्काचे गेले,
माझ्या बहिणीच्या लग्नाचे गेले.
रात्री दोन बादल्या चुना घेऊन तो दारात.
"शिडी धर," म्हणाला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो वर, मी खाली.
चुना वाळला की 'झोपा' परत वर यायचं.
तीन हात दिले आम्ही.
अजून आहे ते. ऊन तिरपं पडलं की वाचता येतं.
बहिणीचे पैसे त्यानं हप्त्यांनी फेडले.
कुणाला सांगू नकोस म्हणाला होता.
सांगतोय.

तर फळ्यावर :
पारिसा आदगोंडा चौगुले गेले.
रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ. पंचगंगा घाट.

खाली हातभर जागा उरली.
त्याच्या पोराचा पुण्याहून फोन होता,
'जाहिरातमहर्षी' घाला, काका.
खडू टेकवला. उचलला.

भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली.
"कोण हो हे?"
मी म्हटलं, डोळ्यांत पाणी?
"आमचं नाव सांगा," ती पटकन म्हणाली, मग ओशाळली.
"ते कुणी लिहिलेलं असतंय व्हय?
मला वाटलं म्हण आहे."

उरलेली जागा तशीच सोडली.
खडू खिशात टाकून निघालो.
तालमीचा आहे, उद्या परत द्यायचा.